चाकूरची ओळ

वीरेश नांदेडच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवायचा. म्हणजे राबायचं सगळ्यांच्या वाटचं आणि बोलणी खायची एकट्याने. विहिरींच्या पाण्याचा अंदाज बांधणारा त्याचा फोरट्रान या जुन्या संगणकभाषेतला प्रोग्रॅम नव्या कम्पायलरवर, म्हणजे तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, चुकीची बेरीज देऊ लागला, तेव्हा विभागप्रमुखांनी सरळ ठपका ठेवला, की आकडे यानेच फिरवले. चूक कम्पायलरची आहे हे सिद्ध झालं नाही, तर नोकरी गेलीच.

कम्पायलर सांभाळणारी मंडळी परदेशात. त्यांना त्याने तक्रार पाठवली. उत्तर आलं, "प्रोग्रॅम फार मोठा आहे. चूक दिसायला जेवढं लागतं तेवढंच ठेवा, बाकीचं काढा." अशा तक्रारींची रीतच आहे ती. चहा पीत वीरेश प्रोग्रॅममधली एकेका विहिरीची ओळ खोडत गेला. निलंगा गेलं, अर्धापूर गेलं. चूक काही हटेना.

दुपारी एका जुन्या आकड्याची खात्री करायला त्याने अर्धापूरच्या शेषेरावांना फोन लावला. तिथल्या विहिरीत टेप सोडून पातळी तेच मोजायचे. फोन एका बाईने उचलला.

"शेषेराव? आसं कुणी न्हाई हितं."

"केळीच्या बागेतली विहीर मोजतात ते."

"बागंत विहीर कधी नव्हतीच की हो."

निलंग्याच्या माणसाचा नंबर अस्तित्वातच नव्हता. खोडलेल्या ओळी वीरेशने भराभर परत टाकल्या आणि पुन्हा फोन लावला. तीच बाई, आता वैतागलेली.

एकदाही न खोडलेली एकच ओळ होती, चाकूरची. ती वीरेशच्या घरच्या शेतातली विहीर. मोजायची त्याची आई, गुरम्मा.

बाकीच्या पुन्हा काढल्या, तरी तेवढ्या एका ओळीवरही चूक दिसत होती.

पाठवू नये, हे त्याला कळत होतं. पण विभागप्रमुखांचं ते कुत्सित हसू आठवलं आणि त्याचं डोकं फिरलं. "याहून लहान करू नका," एवढं खाली लिहून त्याने पाठवून दिलं.

संध्याकाळी उत्तर आलं.

"आभारी आहोत. चूक आमचीच. तुमच्या त्या ओळीचीही गरज नव्हती, ती आम्ही काढून टाकली."

नोकरी वाचली होती.

तो स्वयंपाकघरात धावला.

"अंजू, आईला फोन लाव. आत्ता लाव."

त्याच्या बायकोने तव्यावरची भाकरी उलटली.

"कुणाच्या आईला?"