खिंडारातला पहारा

आधीच सांगून ठेवते. ह्यातला शबुद न् शबुद खरा हाय. एक जरी खोटा निघाला तर माझी जीभ झडू दे, आन् वर तुमी मला चा बी देऊ नका. मलकापुरात जाऊन कुणालाबी इचारा.

दिवाळीची सुट्टी लागली तवा तिथल्या राजेश्वरीचा नवरा उदयसिंह फौजेतनं रजेवर आला हुता. शिवांजली, त्यांची पोरगी, हटूनच बसली, समुद्र बगायचा म्हणून. सासरा आकाराम रिटायर सुभेदार. त्येला समुद्राचं काय न्हाई, किल्ला पायजे हुता. मग दोन्ही एका जागी आसलेलं ठिकाण काढलं. कराडच्या बाजारात पोरीला किल्ल्यावर मांडायचे मातीचे मावळे घेतले, पाटण मागं टाकलं, कोयनेला भजी खाल्ली, कुंभार्ली घाट उतरला आन् गाडी दर्याला भिडली.

किल्ल्याचं नाव सांगत न्हाई, उगं कुणीतरी जायाचं. ओहोटीला वाळूतनं चालत आत शिरायचं. आक्टोबरचं ऊन घासलेल्या परातीगत झगझगत हुतं. राजेश्वरी चपला हातात घेऊन पाण्यात पाय बुडवत बसली. आकाराम तटाला हात लावत फिरला. एका खिंडारात त्येला सुटा काळा दगड दिसला, डब्याएवढा. दरसाली त्यो नातीला अंगणात दिवाळीचा मातीचा किल्ला करून द्यायचा, आन् दरसाली त्येचा बुरूज ढासळायचा. औंदा ह्योच बुरजात घालू म्हणला.

पर फौजी माणूस. जागा रिकामी सोडून जायाचं त्येच्या जिवाला लागलं. शिवांजलीनं गाडीत बसल्या बसल्या एका भालेवाल्या मावळ्याला स्केचपेनानं मिशी काढली हुती, बुडाला 'पप्पा' म्हणून लिवलं हुतं. आकारामनं नेमका त्योच दगड काढलेल्या भोकात हुबा केला, सॅल्यूट ठोकला आन् म्हणला, "जागा सोडायची न्हाई रं, गड्या."

सगळी हसली. राजेश्वरीबी हसली. ते हसू तिला पुढं लय नडलं.

घरी आल्यावर किल्ला झाला. तटावर हळीव पेरलं, बुरजात त्यो दगड बसवला, मावळे मांडले. वसुबारसंच्या दुपारी राजेश्वरी चकल्या तळत हुती. अंगणातनं वास आला, सुकटीसारखा खारट. जाऊन बगती तर तटाला भगदाड, मावळ्यांच्या मुंड्या येगळ्या. मेल्या मांजराचं काम, म्हणत ती वळली, तर उदयसिंह न्हाणीतनं भायेर आला. खांदा चिरलेला. आत पांढरं हाड दिसत हुतं.

काय झालं म्हणून इचारलं तर त्येलाच ठावं नव्हतं. दाढी करत हुता म्हणं.

डाक्टरनं टाके घातले. जखमंतनं चिमट्यानं शिंपल्याची कपची काढली, उजेडात धरली, आन् राजेश्वरीकडं आसं बगितलं जसं काय तिनंच कोयता घातला.

मग एक दिस चौकात. उसाच्या ट्रॉलीला टेकून उदयसिंह दोस्ताशी बोलत हुता. भर उन्हात, धा माणसांदेखत त्येला उचललं आन् ट्रॉलीवर आपटलं. कुणी? कुणीच न्हाई. बरगड्या मोडल्या. कानाची पाळी डांबरावर पडली, ती राजेश्वरीनं रुमालात गुंडाळून दवाखान्यात न्हेली. पाळी काय परत चिकटली न्हाई. घरी येऊन बगती तर किल्ल्याचा दरवाजा फुटलेला, पायथ्याला पाणी साचलेलं. शिवांजलीनं बोट बुडवून चाटलं आन् थुकली.

"आय, ह्ये तिथलंच हाय."

राजेश्वरीनं अंगावर शाल वढून घेतली. घाम फुटलेला, तरी.

पाडव्याला ववाळायचं ताट घेऊन ती भायेर आली तर उदयसिंह अंगणात हुबा. बरगड्यांना पट्टा, हातात काय न्हाई, तरी भाला धरल्यागत मुठी आवळलेल्या. म्होरं नुसतं ऊन.

हाड वाजलं. त्यो हालला न्हाई.

परत वाजलं. तोंडातनं दात पडला, रगताची धार हनवटीवरनं छातीवर आली. पाय तितंच.

ताट टाकून तिनं त्येला वढायला हात मधी घातला. गार लोखंड तळव्यावरनं सरकलं. तळवा चिरला.

"आवं, मागं सरा की," ती म्हणली.

"जागा सोडायची न्हाई म्हणलंय," त्यो म्हणला.

उंबऱ्यात आकाराम हुबा हुता. ते शबुद त्येचेच हुते.

राजेश्वरीनं मागचं पुढचं काय बगितलं न्हाई. बुरूज लाथंनं फोडला आन् दगड भायेर काढला. "मामा, ह्यो न्हेऊन ठिवा. मावळा परत आणा."

"दगड न्हेतो," आकाराम म्हणला. "पर पहारा तसा सुटत न्हाई, सूनबाई. बदलीला माणूस लागतो."

त्येनं जुनी वर्दी काढली. बटणं पोटावर लागंनात, तरी लावली. बूट पुसले. नातीला म्हणला, किल्ला पडला तर पडू दे, पुढच्या साली करू. राजेश्वरीनं हाताला फडकं बांधलं आन् गाडी तिनंच चालवली. कोयनेला भज्याचा वास आला, पर कुणी थांब म्हणलं न्हाई.

ओहोटी लागली, दोघं वाळूतनं गेली, दगड जाग्यावर बसला, मावळा हातात आला. त्येचा खांदा तडकलेला, एक कान गेलेला. रातच्याला गाडी मलकापुरात शिरली. आकाराम उतरला, कंबर धरून म्हणला, चा टाका. उदयसिंह उठून बसला हुता, चिवडा खात हुता. झालं.

आता तुमी आसं बगू नका माझ्याकडं.

बरं, एवढं एक मी पदरचं घातलं. आकाराम उतरला आन् चा मागितला, ते. गाडीतनं राजेश्वरी एकलीच उतरली. वाळूत तिनं मागं वळून बगितलं तवा तट सलग हुता, खिंडार नव्हतंच.

बाकी सगळं खरं. उदयसिंह पुन्यांदा पलटणीत गेला. राजेश्वरी मातूर रोज दुपारी, खारट वास सुटला की, अंगणात चा ठिवती. वास गेला की कप रिकामा आसतो. कडंला लागलेलं रगत ती नळाखाली धुती आन् कप पालथा घालती.