वाळल्यावरचा जांभळा

गाडीचं चाक खाडीच्या चिखलात रुतलं नसतं, तर सगुणाने महिपतकडे दुसऱ्यांदा पाहिलंही नसतं. पण रुतलं. मिठागरावरून परतणाऱ्या या गड्याने खांदा लावून गाडी वर काढली, आणि जाताना असा काही हसला, की कल्याणला पोहोचेपर्यंत तिला बैलांचं भान राहिलं नाही.

आठ दिवसांनी तोच तिच्या बाबाच्या चुनाभट्टीवर हजर!

"खोली रंगवायची हाय. जांभली," तो म्हणाला, "पन भडक नको... धुऊन धुऊन कपडा इटतो ना, तशी."

"येवढी हौस कोनासाठी रं?"

"येनार हाय एक जन..." तो चक्क लाजला.

सगुणाच्या काळजात चर्र झालं. कोण असेल ती? शीळ गावची असेल, नाहीतर मानपाड्याची. कुणी का असेना मेली! न पाहिलेल्या त्या बाईचा तिला इतका राग आला, की चुन्यात नीळ आणि हिरमुजीची लाल भुकटी तिने दणादण कालवली. भट्टीच्या भिंतीवर तिने कुंच्याने एक पट्टा ओढला.

महिपतने पट्टा पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं. "गडद झाला. अजून फिका कर."

तिने चुना वाढवला. पुन्हा तेच... आधी भिंत, मग ती.

"भिंत सोडून मना काय बघतंस?"

"का? बघाया बंदी हाय?"

लग्न एकीशी आणि डोळे दुसरीवर! सगुणा आणखीच भडकली. खरं तर ओला चुना गडदच दिसतो, वाळला की निम्मा रंग उडतो. मिठागरवाल्याला ते ठाऊक नव्हतं. सांगायला तिने तोंड उघडलं... आणि मिटलं. होऊ दे नवरीची खोली पांढरीफटक!

दोन दिवस ती मनातल्या मनात खूश होती. तिसऱ्या दिवशी तिला स्वतःचीच लाज वाटायला लागली, आणि नेमका तेव्हाच महिपत आला, केसांत चुना घेऊन.

"समदी खोली पांढरी झाली गं! उद्या आये पोरीच्या बापाला इचाराया जानार, आन खोली अशी!"

"मग दाव तिला तशीच. तिला काय कलतंय रंगातलं?"

"तिच्यायेवढं कल्यानात कोनालाच कलत नाय." त्याने हळूच तिच्या पदराकडे बोट केलं. "ह्यो रंग पायजे व्हता मना. गाडी रुतली तवा तू हेच लुगडं नेसलेलीस."

सगुणाने खाली पाहिलं. चार वर्षं धुऊन विटलेलं, उन्हाने उडालेलं जांभळं लुगडं. म्हणजे इतके दिवस ती स्वतःवरच जळत होती!

"मना म्हाईत व्हतं..." ती पुटपुटली. "वालल्यावर उडनार ते. मुद्दाम गप बसले."

"का?"

"ती टवली कोन, ते म्हाईत नव्हतं म्हनून!"

महिपत इतका हसला, की बैलांनी माना वळवल्या. मग हसू आवरून म्हणाला, "आयेला काय सांगू?"

"बाबा सकाली भट्टीवरच असतो, म्हनून सांग." सगुणाने पदर सावरला. "आन भिंतीला हात लावू नको. दुसरा हात मी मारीन... लगीन झाल्यावर. वालेस्तोवर दोघांनी समोर बसून र्‍हायाचं."

"आन लवकर वालला तर?"

"तर तिसरा हात मारू."