उजवीकडची जागा

शेजारपाजारचे तिला बाहुलीवाली म्हणत. खरं तर तिने आयुष्यात एकही बाहुली केली नव्हती. ती कापडाचे हत्ती करी, ससे करी, फार तर एखादी मगर. पण नाव पडलं ते पडलं. घरातली मागची खोली अखेर तिच्या ताब्यात आली, तेव्हा तिला आभाळ ठेंगणं झालं. इतकी वर्षं तिच्या रिळांना खेटून जेवणाची ताटं लागत होती आणि हत्तींच्या पोटात जायचा कापूस लेकीच्या दुधात पडत होता.

खोली तिने अगदी मनासारखी लावली. नवऱ्याने फळ्या ठोकून दिल्या, लेकीने बरण्यांत बटणं रंगांप्रमाणे भरली. मोठी कात्री उजवीकडे खिळ्यावर, सुयांची उशी उजव्या हाताशी, दोरे समोर. न बघता हात घातला की वस्तू सापडली पाहिजे, हा तिचा खाक्या. खेळण्यांच्या दुकानदाराने पहिल्यांदाच मोठं काम दिलं होतं. ते वेळेत गेलं असतं तर पुढचंही तिलाच मिळणार होतं, आणि नवरा ज्याला चेष्टेने 'कापूसकाम' म्हणे तो खरा उद्योग होणार होता.

दुसऱ्या दिवशी कात्री डावीकडच्या खिळ्यावर होती.

"चिमणे, कात्री कुणी हलवली गं?"

"मी हातसुद्धा लावला नाही, आई. माझा हात पोचतो तरी का त्या खिळ्याला?" लेक म्हणाली.

ते खरंच होतं. डावीकडे आपण खिळा ठोकून घेतला होता का, हे मात्र बाहुलीवालीला काही केल्या आठवेना. तिने कात्री परत उजवीकडे टांगली आणि कामाला लागली.

मग बरण्या. तिने नेहमीसारखी झाकणाला धरून एक उचलली, तर झाकण हातात राहिलं आणि बटणं खोलीभर झाली. पाहते तर सगळ्याच बरण्यांची झाकणं नुसती वर ठेवलेली. तिने नवऱ्यावर तोंडसुख घेतलं.

"अगं, मला औषधाच्या बाटलीचं झाकण धड उघडत नाही. मी तुझ्या बरण्यांच्या वाटेला कशाला जाऊ?" तो हसत म्हणाला आणि टेबलाखालची बटणं वेचायला बसला. तीही हसली. पण त्या दिवशी हात चालला तरी कामात तिचं मन लागलं नाही.

त्यानंतर रोज काहीतरी असंच. सुया आधीच ओवून एका ओळीत टोचलेल्या. दोरे डावीकडे सरकलेले. घरात डावखुरं कुणी नव्हतं, येणाऱ्या-जाणाऱ्यांतही नव्हतं. तिने खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःजवळ ठेवली. सकाळी कुलूप उघडलं, तर सुयांची उशी टेबलाला बारीक खिळ्यांनी ठोकलेली होती. कापायला काढलेला हत्तीचा कान जड इस्त्रीखाली दाबून ठेवला होता, हलू नये असा.

ती उशीकडे बघत उभी राहिली. डावखुऱ्या माणसाला उशी ठोकून कशाला लागेल? तो ती दुसऱ्या हाताने धरेल. कापडही धरेल. बरणीसुद्धा.

ही मांडणी उजवा हातच नसलेल्या माणसासाठी होती.

तिने उजवा हात मांडीखाली दाबला आणि डाव्याने काम करून पाहिलं. सुई आपसूक हाती आली. कापड तसूभर हललं नाही. तिची कात्री उजव्या हाताची. डाव्यात धरली की कापड चावते, कापत नाही. आज मात्र ती लोण्यातून जावी तशी गेली. मांडणीला नाव ठेवायला जागा नव्हती. तिच्या सवयी ठाऊक असलेल्या कुणीतरी ती खास तिच्यासाठी, मायेने लावली होती.

टेबलाची उजवी बाजू मात्र पुसून स्वच्छ केलेली होती. तिथे काहीच ठेवलेलं नव्हतं.

"माझा हात बघ जरा," ती नवऱ्याला म्हणाली.

त्याने एकेक बोट वाकवून पाहिलं. "दुखतोय का?"

"नाही."

"मग झालं तर."

"मला भीती वाटते रे. हा गेला तर मी काय करू?"

"जातोय कुठे?" त्याने तो हात थोपटला.

तिने दुकानदाराला नाही म्हणून कळवलं. जीव तुटला, पण कळवलं. सगळं सामान खोक्यांत भरून एका शिवणवर्गाला देऊन टाकलं, नवऱ्याकडून फळ्या काढून घेतल्या. रिकाम्या खोलीचं दार ओढलं तेव्हा कितीतरी दिवसांनी तिने मोकळा श्वास घेतला. हात शाबूत होता. उद्योग काय, पुन्हा उभा करता आला असता.

दुपारी तिघं जेवायला बसली. लेकीने आईचं ताट स्वतःकडे ओढलं, पावाचे लहान लहान तुकडे केले आणि पाण्याचा पेला डावीकडे ठेवला.

"हे काय चाललंय, चिमणे?"

"काय?" लेकीला प्रश्नच कळला नाही. "रोज मीच तर करून देते."

नवरा जेवत होता.

बाहुलीवालीने उजवा हात मांडीवरून उचलला. तो ताटाशेजारी ठेवला. बोटं हलवून पाहिली.

मग तिने तो जोरात टेबलावर आपटला.

दोघांपैकी कुणीही वर पाहिलं नाही.