अर्ध्या तासाचा बाक

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात यंत्रानं मला पकडलं.

अंगावरचा किरणोत्सर्ग मोजणारं ते यंत्र अणुभट्टीच्या इमारतीच्या दारातच उभं असतं. हात आत घालायचे, पाय खुणेवर ठेवायचे, हिरवा दिवा लागला की सुटलो. माझ्या वेळी तांबडा लागला आणि ते असं बोंबललं, की मी जागच्या जागी गार! सुरक्षा विभागातला एक उंचापुरा माणूस हातात मोजयंत्र घेऊन सावकाश आला. छातीवर नाव होतं, मालाकाई.

"छत्री नाही वाटतं?"

"इथे किरणोत्सर्ग निघालाय, आणि तुला छत्री सुचतेय?"

तो हसला. "जमिनीतून रेडॉन वायू हवेत येतो. त्याचे कण पाऊस धुऊन खाली आणतो, आणि तुझ्या या भिजलेल्या नायलॉनच्या स्वेटरला ते फार आवडलेत. भट्टीचा काही दोष नाही. अर्ध्या तासात निम्मे होतील. बस त्या बाकावर."

"नुसती बसू?"

"बोललीस तरी... यंत्राची हरकत नसते."

मग बोललो. सिडनीच्या दक्षिणेला लोकांचे एसी दुरुस्त करणारी मी, ब्रायडी, आता भट्टी चालवायला शिकत होते. "आई माझे कपडे वेगळे धुते," मी म्हटलं.

"माझी आजी टोंगाहून फोन करून विचारते, अंधारात चमकतोस का रे?"

"मग? चमकतोस?"

"तूच बघून सांग."

मी बघितलं. सांगितलं मात्र नाही.

वीज करणारी अणुभट्टी आमच्या देशात नाही. आमची भट्टी इस्पितळांतल्या तपासण्यांसाठी किरणोत्सर्गी औषधं करते. पण अणू फुटतो तो तसाच, आणि शिस्तही तीच. शिस्तीची मी पक्की होते... फक्त पाऊस आला, की छत्री गाडीत राहायची. स्वेटर तोच. निलगिरीच्या झाडांखालून मी मुद्दाम रमतगमत यायची. यंत्र बोंबलायचं, मालाकाई दोन कप चहा घेऊन यायचा. एकदा इतकी भिजूनही हिरवा दिवा लागला, तर मला चक्क रडू आलं!

पहिली खेप धरून यंत्र नऊदा बोंबललं. नवव्या खेपेच्या दुसऱ्या दिवशी आमच्या प्रमुख, नोरीन, यांनी दोघांनाही बोलावलं.

"नऊ वेळा एकच बाई. बाकी सगळे कोरडे, हिरवे. मालाकाई, तू दर वेळी 'पाऊस' लिहिलंस. आत कुठे गळती असेल तर?"

"पाऊसच होता. मी प्रत्येक वेळी मोजलंय."

"हिलाच का, याचं उत्तर आहे?"

त्यानं माझ्याकडे न बघता नोंदींची वही पुढे सरकवली.

"मग उद्या भट्टी बंद ठेवून शोध घ्यावा लागेल. इस्पितळांना कळवते, तपासण्या पुढे ढकला म्हणून. आणि तोवर तू दारावर नसशील."

कुणाची तरी हृदयाची तपासणी रखडणार, त्याच्या चोख कामावर डाग येणार, आणि कारण काय, तर माझा स्वेटर!

आमच्याकडे एक रीत आहे. चूक सांगितली तर कुणी ओरडत नाही. लपवली तर खैर नाही. चूक नोंदवायचा छापील कागद टेबलावरच होता. मी तो ओढला आणि लिहिलं:

काय घडलं: पहिल्यांदा चुकून, पुढे आठ वेळा मुद्दाम भिजले.

का घडलं: मालाकाईबरोबर अर्धा तास मिळावा म्हणून. तो मला आवडतो.

नोरीननी कागद मोठ्यानं वाचला. सगळा! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. मालाकाईचे कान तांबड्या दिव्यासारखे झाले.

"तिसरा रकाना रिकामा आहे," त्या करड्या आवाजात म्हणाल्या. "पुन्हा घडू नये म्हणून काय करणार?"

मी पेन कागदावर टेकवलं. तेवढ्यात मालाकाईनं माझ्या हातातलं पेन काढून घेतलं. बोटं जरा जास्तच वेळ थांबली... त्यानं लिहिलं: 'शनिवारी दुपारी माझ्याकडे जेवायला. पाऊस असो, नसो.'

नोरीननी चष्म्यावरून आम्हाला न्याहाळलं, सही केली. "उपाय मंजूर. भट्टी चालू राहील. आणि तू, सुती कपडे घाल."

शनिवारी मी सुती झगा घातला. आभाळ निरभ्र होतं. त्यानं नारळाच्या दुधातले मासे वाढले. जेवण झालं, अर्धा तास उलटला, तास उलटला... आणि 'झालं, आता जा' म्हणणारा हिरवा दिवा त्या घरात कुठेच नव्हता.