अरुणाताईंचा शब्दसंग्रह

"आई, तू हात लावला ना ह्याला? खरं सांग! काय केलास तू?"

सुयशचा आवाज एवढा चढला, की अरुणाताईंच्या हातातला चहा बशीत सांडला. आईवर असा आवाज त्यानं कधी चढवला नव्हता! त्या लगबगीनं कॉम्प्युटरपाशी आल्या आणि वाकून पाहू लागल्या. नव्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांचा शब्दसंग्रह उघडला होता खरा. डावीकडचे इंग्रजी शब्द जागच्या जागी होते. पण उजवीकडे, जिथं मराठी असायचं, तिथं नुसती इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याच्या खुणा... कशाचा कशाला मेळ नाही!

बारा वर्षांची मेहनत होती ती. यजमान, पुरुषोत्तम, अचानक गेले तेव्हा इंग्लंडात वाढणारा सुयश शाळेत होता. आपण नोकरीला बाहेर पडलो तर पोराकडे कोण बघणार, म्हणून या बाईनं लेस्टरच्या त्या लहानशा घरात बसून भाषांतराची कामं धरली. हॉस्पिटलांची पत्रकं, ऑपरेशनआधीच्या सूचना, औषधांची माहिती... धाप लागणं वेगळं आणि दमा वेगळा, कळ वेगळी आणि मुरडा वेगळा! आपल्याकडची म्हातारी माणसं दुखणं कसं सांगतात ते वेटिंग रूममध्ये त्यांच्याशेजारी बसून ऐकायचं, आणि घरी येऊन शब्द नोंदवायचे. त्या संग्रहावर विसंबूनच आता भाषांतराच्या एजन्सीनं मोठं काम दिलं होतं. अट एकच: सोमवारपर्यंत सगळे शब्द नव्या सॉफ्टवेअरमध्ये हवेत. आईच्या वतीनं शब्द दिला होता सुयशनं, आणि आज शुक्रवार उजाडला होता.

"जुना कॉम्प्युटर कुठाय? त्याच्यावर ओपन करून बघू," सुयश म्हणाला.

अरुणाताईंना एका क्षणात सगळं उमगलं. त्या काळी मराठी टाइप करायचं म्हणजे आत इंग्रजी अक्षरंच असायची. वरून मराठीचा फॉन्ट चढवला की ती मराठी दिसायची. तो फॉन्ट पुण्याच्या एका गृहस्थांकडून आणलेला, त्यांचं दुकानही कधीच बंद झालं होतं. तो फक्त त्या जुन्या कॉम्प्युटरमध्ये होता, आणि तो कॉम्प्युटर गेल्या आठवड्यात सुनेनं, ऋजुतानं, कौन्सिलच्या टिपला, म्हणजे कचरा डेपोत, नेऊन टाकला होता!

वाईट हेतूनं नव्हे हो! सासूबाईंना नवा कॉम्प्युटर छान लावून द्यावा, म्हणून त्या पोरीनं एकूण एक फाइल जपून नव्यावर घेतली होती. पण पुण्याच्या सॉफ्टवेअर कंपनीतून आलेली ती. तिनं सरळ मराठीच टाइप केलेलं. मराठीला वेगळा फॉन्ट सांभाळावा लागतो, हे तिच्या ध्यानीमनी तरी कुठून यावं?

"टाकला तो," अरुणाताई म्हणाल्या.

"टाकला? कोणी?"

किचनच्या दारात ऋजुता उभी होती. चेहरा पांढराफटक... लग्नाला वर्षही झालं नव्हतं, आणि दोघांत धड बोलणं उरलं नव्हतं. कालच तिचा फोन जिन्यातून अरुणाताईंच्या कानावर पडला होता. "दादा, मी ग्लासगोला येऊ का रे तुझ्याकडे? मला इथं नाही राहवत..." आणखी एक भांडण, की ही गेलीच!

"मी टाकला," अरुणाताई म्हणाल्या. "मीच. अडगळ झाली होती नुसती."

"अडगळ? आई, मी त्यांना प्रॉमिस केलेलं! आता काय सांगू?" सुयश ताडकन उठला. "तुला झेपत नाही आता हे. मी फोन करून काम परत देतो. आणि ह्याच्यापुढे कुठला काम घेऊ नकोस, प्लीज!"

काय ही पोराची जीभ! ज्याच्यासाठी घरात कोंडून घेतलं, त्यानंच म्हणावं, झेपत नाही! त्या माऊलीच्या अंतःकरणाचं पाणी पाणी झालं. त्या किचनमध्ये गेल्या, केटल लावली, बंद केली. स्वच्छ ओटा पुन्हा पुसला. खिडकीशी गेल्या, परत आल्या... कुठंच पाय ठरेना. बाहेरच्या खोलीत सुयश नंबर फिरवत होता.

"थांब!" ऋजुता किंचाळलीच. "ठेव तो फोन! आईंनी नाही टाकला. मी टाकला, सुयश, मी! आई, का हो... का घेतलंत माझं स्वतःवर?" आणि ती मटकन खाली बसून हुंदके देऊ लागली.

सुयशनं फोन खाली ठेवला. "आई... खोटं का बोललीस तू?"

अरुणाताईंनी सुनेला जवळ ओढलं. आता मात्र त्यांचे डोळे वाहू लागले. "अरे, शब्द गेले असते तर मी पुन्हा वेटिंग रूममध्ये जाऊन बसले असते रे. एकेक करून जमवले असते... पण ही रागानं निघून गेली असती, तर कुठून आणणार होते मी हिला?"

ऋजुतानं डोळे पुसले आणि स्क्रीनकडे पाहिलं. "आई, त्या फॉन्टमध्ये कुठल्या कीला कुठलं अक्षर यायचं, आठवतं तुम्हाला?"

"मला नाही आठवत. बोटांना आठवतं," म्हणत त्या कीबोर्डसमोर बसल्या. डोळे मिटून एकेक शब्द टाइप करू लागल्या आणि मोठ्यानं म्हणू लागल्या: धाप... कळ... भोवळ... ऋजुता शेजारी बसून जोड्या लावू लागली. इंग्रजी अक्षराच्या जागी मराठी अक्षर बदलून देणारा छोटासा प्रोग्राम तिनं लिहायला घेतला. दुपारी उजवीकडच्या रकान्यात पहिला शब्द मराठीत उमटला तेव्हा दोघी एकदमच ओरडल्या!

सुयश इतका वेळ भिंतीशी उभा होता. तो पुढं आला आणि आईच्या पायाशी बसला. "आई... माझा चुकला. मी असं बोलायला नको होतं."

अरुणाताईंनी पाय मागे घेतले आणि त्याच्या केसांतून हात फिरवला. "पाया पडू नकोस. एजन्सीला फोन कर, चार दिवस मागून घे. आणि कोणाची चूक म्हणून विचारलं, तर एकट्या कुणाचं नाव घेऊ नकोस. आमच्या घराची चूक झाली, म्हणून सांग."