जेवण संपेचना

भुतं अमावास्येला, बाराच्या ठोक्याला येतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी ही गोष्ट वाचूच नये.

हे घडलं तेव्हा संध्याकाळचे साडेचार वाजले होते. शेजारच्या खोलीत टीव्ही चालू होता आणि घरातले सगळे जण जेवायला बसले होते.

मी स्वतः तिथे नव्हते. पण ज्या चौघांच्या बाबतीत घडलं, त्यातल्या तिघांनी मला वेगवेगळ्या वेळी सांगितलं आणि तिघांचं सांगणं शब्दाला शब्द जुळलं. चौथे माझे वेंदेलिन काका. ते यावर कधी बोललेच नाहीत.

तारीख २४ डिसेंबर २०१०, शुक्रवार. जागा ओरावाच्या डोंगरातलं माझ्या हर्मिना मावशीचं घर. शेवटच्या बसथांब्यापासून वर चढून दोन किलोमीटर.

मावशी त्याच ऑक्टोबरात वारली होती, आणि तिचे यजमान वेंदेलिन काका तिथे एकटेच उरले होते.

त्यांची मुलगी, माझी मावसबहीण झेल्मीरा, तिचा नवरा इम्रिख आणि त्यांची सात वर्षांची बेत्का सकाळीच शहरातून, ब्रातिस्लाव्हाहून येऊन पोहोचले. बेत सोपा होता. तीन दिवस सोफ्यावर लोळायचं, पुस्तकं वाचायची, टीव्हीवरचे परीकथांचे सिनेमे बघायचे. वेंदेलिन काकांना एकटं वाटू द्यायचं नाही.

झेल्मीराचा खरा बेत मात्र वेगळा होता. तिला हे घर विकायचं होतं. सोमवारी एक जोडपं घर बघायला येणार होतं, आणि त्याआधी काकांना शहरात यायला तयार करायचं होतं. ऐंशीला टेकलेला माणूस बर्फात एकटा ठेवायचा नाही, हे तिचं म्हणणं. त्यात काही चूक नव्हती. पण ती या घराला कंटाळली होती, हेही तितकंच खरं. अठराव्या वर्षी ती जी बाहेर पडली, ती पुन्हा इथे पाहुणीसारखीच आली.

दुपारी बेत्काने त्या आठवड्याचं टीव्हीचं साप्ताहिक उघडलं. नाताळात आमच्याकडे घरोघरी हेच चालतं. पेन घ्यायचं आणि बघायच्या सिनेमांना गोल करायचे.

"आजोबा, तुम्ही आधीच केलेत गोल?"

"मी? मला चष्म्याशिवाय बातम्यासुद्धा दिसत नाहीत."

"मग हे कोणी केले?"

सहा सिनेमे. सहा गोल... हिरव्या शाईचे.

हर्मिना मावशी हिरवं पेन वापरायची. तिच्या अर्धवट राहिलेल्या जाडजूड रहस्यकादंबरीत खूण म्हणूनही तेच पेन ठेवलेलं असायचं. ते पुस्तक अजून खिडकीत होतं आणि पेन पान एकशे बारावर.

"दुकानदाराने केले असतील," इम्रिख म्हणाला. या माणसाकडे प्रत्येक गोष्टीला उत्तर तयार असतं.

चार वाजता अंधार पडला. काकांनी गोठ्यातली जुनी साखळी आणली, जेवणाच्या टेबलाच्या चारही पायांभोवती गुंडाळली आणि कुलूप घातलं. घर बांधलेलं राहावं, पुढच्या नाताळला टेबलावरचं कोणी कमी होऊ नये म्हणून ही साखळी. ती निघते दोन दिवसांनी, स्तेफानच्या सणाला.

झेल्मीराने टेबल मांडलं. चार माणसांच्या चार ताटल्या आणि एक वाट चुकून येणाऱ्या पाहुण्याची. पाचवी ताटली घाईघाईत तिने मावशीच्या खुर्चीपुढे ठेवली. स्वयंपाकघराच्या दाराशी असलेल्या खुर्चीपुढे.

"आज घरधनीण कोण?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न साधा नव्हे. नाताळच्या जेवणातून मधे कोणी उठायचं नसतं. जो उठतो, तो पुढच्या नाताळला टेबलावर नसतो. उठायचा अधिकार एकटीचा, घरधनिणीचा.

"मला नका त्यात घेऊ, बाबा. मी इथे पाहुणी आहे."

"मग घरात बाई कोण?"

"सोमवारनंतर घरच नसेल, तर बाई कशाला?"

इम्रिखने कपाळावर हात मारला. अशी बातमी सणाच्या दिवशी द्यायची असते का? पण झेल्मीरा तशीच आहे, ओठावर आलं की बोलून मोकळी.

काकांनी मेणबत्ती टेबलाच्या मधोमध ठेवली. मग म्हणाले, "ठीक आहे. आहे तीच राहील."

त्या वेळी या वाक्याचा अर्थ कोणाला कळला नाही.

दिवे मालवले. एक मेणबत्ती पेटवली. प्रार्थना झाली. काकांनी सगळ्यांच्या कपाळावर मधाचा क्रूस काढला, मध लावलेल्या पातळ पापड्या खाऊन झाल्या... आणि झेल्मीराने जीभ चावली.

आंबट कोबीचं सूप चुलीवरच राहिलं होतं.

मावशी असती तर ती स्वतःच उठून घेऊन आली असती.

"त्यात काय, मी आणतो," म्हणत इम्रिख अर्धवट उठला. काकांनी त्याचं मनगट धरलं.

"बसा."

"अहो बाबा, दहा पावलं तर आहेत!"

"माझा भाऊ फेरो असाच उठला होता. कुत्र्याला गप्प करायला. पुढच्या नाताळला त्याच्या खुर्चीवर आम्ही कोट ठेवले. बसा जावईबापू."

इम्रिख बसला. सासऱ्यापुढे कोण वाद घालणार?

"मग काय सूप चालत येणार आहे?" झेल्मीरा चिडली. बेत्का खुदकन हसली. शेजारच्या खोलीत सिनेमातल्या राजकन्येचं लग्न लागलं, तुताऱ्या वाजल्या...

आणि टीव्हीचा आवाज गेला.

वाराही थांबला होता. घरात कसलाच आवाज नव्हता.

मग स्वयंपाकघरात... झाकण उचलल्याचा आवाज आला.

भांड्याच्या तळाशी पळी फिरली. वर आली. भांड्याच्या काठावर ठोकली.

टक्. टक्. टक्.

पळी तीनदा ठोकायची सवय जगात एकाच बाईला होती.

"मांजर असेल," इम्रिख पुटपुटला.

"आमच्याकडे मांजर नाही," काका म्हणाले.

सपाता घासत पावलं दारापर्यंत आली. दार अर्धं उघडं होतं. पलीकडे नुसता अंधार. मेणबत्तीची ज्योत एका बाजूला वाकली... सरळ झाली.

"आई..." बेत्काचा आवाज अगदी बारीक होता. "माझ्या ताटलीत सूप आलंय."

वाफा निघत होत्या.

"आणि त्यातले मश्रूम काढलेत. आजी काढायची तसे."

ज्योत पुन्हा वाकली. काकांची ताटली भरली. मग इम्रिखची. मग झेल्मीराची. भरताना कोणाला काही दिसलं नाही. ज्योत वाकायची, सरळ व्हायची, आणि ताटली भरलेली असायची. पाचवी ताटली तेवढी कोरडीच.

इम्रिखची पाचावर धारण बसली. चालीरीती गेल्या खड्ड्यात म्हणत तो उठायला गेला...

उठता येईना.

त्याने टेबलाखाली हात घातला. साखळी टेबलाच्या पायांभोवती होतीच. आता ती त्याच्या घोट्यांवरूनही गेली होती. त्याने ओढ दिली तशी ती खळखळली, आणि बेत्का ओरडली, "पप्पा, मला लागतंय!"

एकच साखळी चौघांच्या पायांना होती.

"खा," काका म्हणाले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज शांत होता. "तिने वाढलंय. खा."

ते खाऊ लागले. दुसरं करणार काय? झेल्मीरा सांगते की सूप मावशीच्या हातचंच होतं. तिने स्वतः सकाळी केलेलं सूप खारट झालं होतं. हे नव्हतं.

ताटल्या रिकाम्या झाल्या. ज्योत वाकली.

ताटल्या भरल्या.

पुन्हा खाल्लं. पुन्हा भरल्या.

भिंतीवरचं घड्याळ पावणेपाच दाखवत होतं. मेणबत्ती बोटभर जळली तरी ते पावणेपाचच दाखवत होतं. टक्, टक्, टक् आवाज यायचा, सपाता घासायच्या, आणि समोर पुन्हा वाफाळणारं सूप. नको म्हटलं तरी आणखी एक पळी. मावशीचं असंच असायचं. तिच्या घरून कोणी पोट भरलं म्हणून सुटलं नाही, वाढणारी दमली म्हणूनही नाही.

"आई, मला आता नको," बेत्का रडायला लागली. "मला शू लागलीये."

"थांब हं, सोन्या."

"मला घरी जायचंय."

झेल्मीराने आपल्या बापाकडे पाहिलं. "बाबा, हे कधी संपणार?"

"घरधनीण बसून जेवली की जेवण संपतं," काका म्हणाले. "पण ती कधी बसली होती का, सांग बरं? तू बघितलंस कधी तिला आपल्याबरोबर बसून जेवताना?"

झेल्मीराने आठवून पाहिलं. नाताळ, वाढदिवस, तिच्या लग्नाचं जेवण... आई कायम त्या दारात. हातात पळी. शेवटी उभ्यानेच, भांड्यातलं उरलेलं.

तिला काय करायचं ते समजलं. आणि त्यात काय आहे तेही समजलं. पाहुणी म्हणून उठली, तर पुढच्या नाताळला बेत्काला आई नाही. घरधनीण म्हणून उठली तर जिवाला धोका नाही, पण मग हे घर तिचं. ही चूल, हे टेबल, ही साखळी. दर वर्षी. तोंडदेखलं म्हणून भागणार नव्हतं. खोटं कळलं असतं. तिच्या आईला तिचं खोटं लहानपणापासून कळायचं.

बेत्का हुंदके देत सूप गिळत होती. ज्योत वाकायला लागली...

"आई," झेल्मीरा दाराकडे बघून म्हणाली. "तू बस आता. मी वाढते."

ज्योत वाकता वाकता थांबली.

ती उठली. तिच्या पायांत आता साखळी नव्हती.

अंधारात दहा पावलं. चुलीपाशी तिने हात पुढे केला आणि पळीचा दांडा तिच्या हातात आला. कोणीतरी एवढा वेळ धरून ठेवल्यासारखा तो कोमट होता.

तेवढ्यात मागे... खुर्ची सरकली. कोणीतरी बसलं, आणि दमल्यावर सोडतात तसा मोठा श्वास सोडला.

सूप घेऊन ती परत आली. पाचव्या खुर्चीकडे तिने पाहिलं नाही. बाकी तिघं ताटलीत डोळे घालून बसले होते. तिने पाचवी ताटली भरली. पळी काठावर ठोकली. तीनदा. आपण ठोकली हे तिला नंतर कळलं.

चमचा ताटलीला लागत होता. सावकाश. खूप वेळ.

मग साखळी खळकन खाली पडली, टीव्हीचा आवाज आला आणि बेत्का धावत सुटली. घड्याळात साडेसहा झाले होते. हिरवा गोल केलेला दुसरा सिनेमा सुरू होत होता.

पाचवी ताटली रिकामी होती. पुसून घेतल्यासारखी.

सकाळी झेल्मीराने खिडकीतलं पुस्तक उघडलं. हिरवं पेन पान एकशे पस्तीसवर होतं.

सोमवारच्या जोडप्याला तिने फोन करून नाही म्हणून सांगितलं. वेंदेलिन काका पुढे तीन वर्षांनी गेले, त्याच घरात, स्वतःच्या पलंगावर. त्यानंतरही झेल्मीरा दर नाताळला जाते. एकदा फ्लू झाला होता, तरी तापात गाडी चालवत गेली. इम्रिख कुरकुरत बरोबर असतो. जेवायच्या आधी तो दोनदा बाथरूमला जाऊन येतो. बेत्का आता शिकायला परगावी असते, पण चोवीस तारखेला कुठे असायचं ते तिला सांगावं लागत नाही.

मावशीची ताटली सगळ्यांत आधी भरली जाते. पुस्तकातलं हिरवं पेन त्या तीन दिवसांत तीस-चाळीस पानं पुढे सरकतं. वर्षभर मग जागचं हलत नाही.

मी एकदा झेल्मीराला म्हटलं, "अगं, तू मावशीला बस म्हणालीस. जा असं कोणीच म्हटलं नाही."

"माहितीये," ती म्हणाली.

गेल्या नाताळनंतर पुस्तकाची बारा पानं उरली होती. तिने मला तसं सांगितलं तेव्हा तिचा आवाज हलका वाटला होता. "पुढच्या वेळी संपेल बघ. मग सुटले. मग घराचं काय ते बघू."

मलाही बरं वाटलं. इतकी वर्षं बांधलेली माझी बहीण.

परवा तिचा फोन आला. यंदा तूही ये म्हणाली, काकांच्या खुर्चीपुढे तुझी ताटली मांडते. गप्पा मारता मारता मी विचारलं, घर विकायची जाहिरात कधी देतेस?

पलीकडे कागदी पिशवीची सळसळ ऐकू आली.

"काल दुकानात गेले होते," ती म्हणाली. "त्याच लेखकाचं नवीन आलंय. आठशे पानांचं. आईला आवडेल म्हणून घेतलं."

मी अजून येते म्हटलेलं नाही. नाही म्हणायचीही हिंमत होत नाहीये.