सत्तेचाळिसावा सेकंद

कळवली बंदरावर रोज दोन गोष्टींची वाट पाहिली जायची: भरतीची आणि वाटपत्रकाची. पूर्वी भरती आली की तांडेल पाण्याचा रंग पाहून होडी आत घ्यायचे. आता पाण्याच्या रंगाला कोणी विचारत नव्हतं. कुठल्या वाटेवर किती पाणी आहे ते सांगणारं त्या दिवसाचं पत्रक किनारवाट केंद्राच्या संकेतस्थळावर चढलं, की होड्यांवरची सुकाणूयंत्रं ते आपसूक वाचत आणि खाडीच्या मुखातल्या वाळूच्या पट्ट्यांमधून स्वतःच वाट काढत. त्या दहा मिनिटांत तांडेलाने सुकाणूला हात लावायचा नाही, असा नियमच होता. चाळीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसांना हा नियम कसा वाटत असेल, हे विचारायचं मात्र कोणाला सुचलं नव्हतं.

पत्रक चढवायचं काम हर्षाली चोगलेचं. केंद्राच्या दोन खोल्यांच्या कचेरीत ती एकटीच बसायची. एरवी हे काम चार सेकंदांत व्हायचं. आज मात्र घोडं पेंड खात होतं. पत्रक निघालं, तीस सेकंद गेले आणि पडद्यावर अक्षरं आली: ‘जोडणीची वेळ संपली.’

तिने पुन्हा पाठवलं. पुन्हा तेच. खिडकीबाहेर मुखापलीकडे चौदा होड्या डुलत होत्या. मासळीवरचा बर्फ वितळत होता आणि अकरानंतर पाणी उतरायला लागणार होतं.

भिंतीवर दिवेकर साहेबांनी लिहिलेला कागद प्लॅस्टिकमध्ये घालून लावला होता. साहेब बढती मिळून जिल्ह्याच्या कचेरीत गेले तरी कागदाचा मान कायम होता. दसऱ्याला संगणकाबरोबर त्यालाही हळदकुंकू लागायचं. वेळ संपल्याचा निरोप आला तर काय करायचं, ते त्यावर ओळीने लिहिलं होतं. हर्षालीने केबल काढून घट्ट बसवली. दुसरी संकेतस्थळं उघडून पाहिली, ती झटक्यात उघडली. परवलीचा शब्द नव्याने टाकला, जोडणीची पेटी बंद करून चालू केली. म्हणजे वायर ठीक, वीज ठीक, पलीकडचा सर्व्हरही जागा होता. हाकेला ओ तेवढी देत नव्हता.

शेवटची ओळ लाल शाईत होती: ‘तरीही नाहीच, तर मागच्या दाराने.’

मागचं दार म्हणजे संकेतस्थळावर थेट जाणारा जुना मार्ग. पुढच्या दारात अडीच वर्षांपूर्वी एक पडताळणी प्रणाली बसवली होती. प्रत्येक होडीच्या तळाला ध्वनिलहरींनी खोली मोजणारं उपकरण असे. ती सगळी मापं सर्व्हरवर साठत आणि ही प्रणाली नवं पत्रक त्यांच्याशी ताडून पाही. काही खटकलं तर ती प्रश्न विचारील, असं बसवणाऱ्यांनी सांगितलं होतं. गावाच्या वेशीवरच्या राखणदाराला नारळ देणाऱ्या माणसांनी तिचंही नाव राखणदारच ठेवलं. पण अडीच वर्षांत राखणदाराने एकदाही तोंड उघडलं नव्हतं. “सरकारी नोकर शोभतो,” दिवेकर साहेब हसून म्हणायचे, “जागेवर हजर आणि तोंडाने गप्प!”

हर्षालीने मागच्या दाराने पत्रक टाकलं. दोन सेकंदांत ते चढलं. लांबवर पहिल्या होडीचा भोंगा वाजला आणि तिने सुटकेचा निःश्वास टाकला.

खिडकीखाली जेटीच्या पायरीवर हसुराम पावसे जाळं शिवत होते. भोंगा ऐकूनही त्यांनी मान वर केली नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांची ‘जलकन्या’ याच मुखात वाळूवर चढली आणि उलटली. पाठचा भाऊ बाळाराम बुडाला. “मी जागा व्हतो, सुकाणूला हातसुदीक लावला नाय,” असं हसुकाकांनी चौकशीत पहिल्या दिवशी सांगितलं होतं. मग त्यांच्यापुढे त्या दिवसाचं पत्रक ठेवलं गेलं. पत्रक बरोबर, यंत्र बरोबर, मग उरलं कोण? तिसऱ्या दिवशी त्यांनीच मान खाली घातली. “यंत्र कशाला खोटं बोलंल? लागली असंल डुलकी.” परवाना गेला. ‘तांडेलास झोप लागल्याने’ हे शब्द अहवालात हर्षालीनेच टाइप केले होते.

आता काम झालं होतं. पण मूळ दोष सापडला नाही याची तिला रुखरुख लागली. उद्या पुन्हा हीच रड नको. तिने पाठवणीच्या प्रोग्रॅमची सेटिंग उघडली. थांबायची मुदत तीस सेकंद; दिवेकर साहेबांनीच ठरवलेली. तिने ती दोन मिनिटं केली आणि तेच पत्रक पुढच्या दाराने पुन्हा पाठवलं, सहज, गंमत म्हणून.

तीस सेकंद गेले. चाळीस गेले. सत्तेचाळिसाव्या सेकंदाला पडद्यावर मराठीत ओळी उमटल्या.

‘वाट क्रमांक एकवर पाणी अडीच मीटर लिहिले आहे. काल परतलेल्या तीन होड्यांच्या मापांवरून, भरतीचा फरक धरूनही, तेथे सव्वा मीटरच असेल. वाळू सरकली असावी. हे पत्रक तसेच लावायचे का? उत्तराची वाट पाहतो.’

हर्षाली ताडकन उठली. तिने वायरलेस ओढला. “सगळ्या होड्या थांबा! वाट एक बंद! सुकाणू हातात घ्या, हातात घ्या!” तिचा आवाज तिलाच ओळखू येईना. सगळ्यांत पुढच्या होडीचा तळ वाळूला घासला, इंजिन खाकरलं, आणि ती कशीबशी मागे सरली. मुखाबाहेर पुन्हा चौदा होड्या उभ्या होत्या. हर्षालीने त्या तीनदा मोजल्या. मग पत्रक काढून टाकलं.

तिचं डोकं एकाच गोष्टीभोवती फिरत होतं. पत्रक बरोबर असलं की राखणदार चार सेकंदांत दार उघडत होता. शंका आली, की सगळी जुनी मापं चाळायला त्याला पाऊण मिनिट लागत होतं. आणि तोवर आपण दार आपटून निघून गेलेलो असायचो. तो गप्प नव्हताच. त्याचं ऐकायला कोणी थांबलंच नव्हतं.

तिने त्याची नोंदवही उघडली. आजच्याआधीचे अकरा प्रश्न होते. प्रत्येकाखाली एकच शेरा: ‘उत्तर आले नाही. जोडणी समोरून तोडली. पत्रक दुसऱ्या मार्गाने लागले.’ दहा वेळा नशिबाने साथ दिली होती. उरलेली एक नोंद दोन वर्षांपूर्वीची, नारळी पौर्णिमेनंतरच्या चौथ्या दिवसाची होती. ‘वाट क्रमांक दोनवर पाणी तीन मीटर लिहिले आहे. तेथे दीडच असेल. हे पत्रक तसेच लावायचे का?’ पाठवणाऱ्याचं नाव: ह. चोगले.

त्या दिवशी ‘जलकन्या’ वाट दोनने आत येत होती.

नोकरीचा तिचा पहिला महिना होता तो. कागदावरची लाल ओळ वाचून ती किती खूश झाली होती!

तिने दिवेकर साहेबांना फोन लावला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, “कोणाला दाखवलंस का?”

“नाही, साहेब.”

“मग दाखवू नकोस. गेलेला माणूस परत येणार आहे का? ती वही पुसून टाक. उद्यापासून मुदत दोन मिनिटं ठेव, झालं. तुझंच नाव आहे गं त्यावर.”

फोन ठेवला तेव्हा दारात हसुकाका उभे होते. हातात जाळ्याची सुई तशीच होती.

“काय गो पोरी, होड्या का थांबवल्यास? वाळू हालली काय?”

हर्षालीचं बोट पुसायच्या बटणापासून फार दूर नव्हतं. तिने ते मागे घेतलं आणि पडदा त्यांच्याकडे वळवला. “काका, बसा. हे वाचा.”

हसुकाकांनी एकेक शब्दावर बोट ठेवून वाचलं. तारखेपाशी बोट थांबलं. पुन्हा पहिल्यापासून वाचलं.

“हा चोगले म्हंजे...”

“मी, काका. मी थांबले नाही. आणखी सतरा सेकंद थांबायला हवं होतं.”

ते ओरडतील, सुई फेकतील, असं तिला वाटलं. तसं झालं तर बरं, असंही वाटलं. पण हसुकाका नुसते खुर्चीत बसले. दोन वर्षं वाकलेली त्यांची मान सावकाश वर आली आणि डोळे भरून वाहू लागले.

“बाळ्याची बायको माझ्याशी बोलत नाय गो,” ते म्हणाले. “दोन वर्षं झाली. मी सांगून तिला खरं वाटायचं नाय, माझीच सही हाय ना त्या चौकशीच्या कागदावर. तू येशील काय माझ्यासंगती? तिला सांगशील, मी जागा व्हतो म्हनून?”